काटेवाल्यांची दोन मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनी लाल गाडी आहे. माझ्या ड्रायव्हरच्या सीटवर एकोणीस वर्षं रोज एक माणूस येऊन बसत असे आणि तो कोणालाही दिसत नसे. मलाही दिसत नसे. पण गाडीचा भरवसा डोळ्यांपेक्षा स्प्रिंगांवर जास्त असतो. सीटवर कोणी बसलं, की ते चाकापर्यंत पोचतं. ते वजन अडुसष्ट किलो होतं आणि ते कोणाचं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. थोडी भीती वाटली तरी चालेल. मलाही वाटली होती. पण गोष्ट शेवटपर्यंत ऐका, कारण ती तुमच्या घरातही घडू शकते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या इंजिनाला गोगलगाईच्या आकाराचं एक यंत्र जोडलं गेलं. त्याचं नाव टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोच्या आतलं चाक फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. जास्त हवा म्हणजे जास्त ताकद. चढावर इतर गाड्या धापा टाकत असत, तेव्हा मी शीळ घालत वर निघून जात असे. माझ्या पाठीवर 'टर्बो' अशी चकचकीत अक्षरं होती. खोटं कशाला सांगू, मी थोडी शिष्टच होते.

माझे मालक वजनकाटे दुरुस्त करत. दुकानं, गोदामं, कारखाने, जिथे म्हणून काही तोललं जातं तिथे ते जात आणि काटा खरं बोलतो की खोटं, ते तपासून देत. त्यासाठी लागणारी लोखंडी वजनं माझ्या डिकीत असत, म्हणून त्यांना दमदार गाडी हवी होती. लोक त्यांना काटेवाले म्हणत. घरात येईल ती वस्तू ते तोलून बघत. मुलगी जन्माला आली तेव्हा ती इतकी हलकी भरली, की त्यांनी तिचं नाव पावशेर ठेवलं. पुढे ती आईपेक्षा उंच झाली, तरी पावशेरच राहिली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते स्वतः गॅरेजातल्या मोठ्या काट्यावर उभे राहत आणि आत ओरडून सांगत, "अडुसष्ट! कमी नाही, जास्त नाही!" आतून आईचा आवाज येई, "कळलं, आता खाली उतरा."

आता दोन मिनिटांचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्यांचीच आहे. लांबचा पल्ला मारून आलं, की टर्बो निखाऱ्यासारखा तापलेला असतो. तेव्हाच इंजिन बंद केलं, तर त्याच्याकडे जाणारं तेल जागच्या जागी थांबतं, जळतं आणि त्याची काजळी आतल्या दांड्यावर बसते. असं वारंवार केलं, की टर्बो जाम होतो. धावत आलेल्या माणसाला आपण लगेच आडवं होऊ देत नाही, थोडं चालायला लावतो, तसंच हे. म्हणून गाडी उभी केल्यावर दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं. बहुतेकांना एवढाही दम नसतो. काटेवाल्यांना होता.

संध्याकाळी साडेपाचला ते मला गॅरेजात आणत. शटर सताड उघडं ठेवत, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरत आणि गप्प बसून राहत. बरोबर दोन मिनिटांनी इंजिन बंद. मग माझ्या डॅशबोर्डवर दोन थापट्या. मग किल्ली पितळी पारड्यात. एका मोडक्या तराजूचं ते इवलंसं पारडं त्यांनी डॅशबोर्डवर बसवून घेतलं होतं. किल्ली त्यात पडली, की 'टण्' असा आवाज होई. सगळ्यात शेवटी दाराचा आवाज.

गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती. इंजिनाचा आवाज आला की आई चहाचं आधण ठेवी, टण् ऐकू आलं की कप मांडी. मधल्या दोन मिनिटांत त्यांना हाक मारायची नाही, असा घरचा नियमच होऊन गेला होता. पावशेर लहान असताना एकदा खिडकीवर टकटक करायला धावली, तेव्हा आईनं तिला उचलूनच आत नेलं. "बसू दे गं त्यांना. दिवसभर लोकांची वजनं बघतात, दोन मिनिटं त्यांची त्यांना."

माझी देखभाल एक मिस्तरी करत. एकदा इंजिन चालू असताना त्यांनी बॉनेटवर पाण्याचा भरलेला पेला ठेवला. पाण्यावर सुरकुतीसुद्धा उठली नाही. "ही चालू आहे की बंद, तेच कळत नाही," ते म्हणाले. चारचौघांत असं कौतुक झालं आणि मी फुलून गेले. हेच कौतुक एक दिवस माझ्या जिवाला लागणार होतं.

त्या दिवशी काटेवाले परत येताना रस्त्यात दोनदा थांबले. शर्टाचं वरचं बटण उघडलं, काच खाली केली, पुन्हा निघाले. गॅरेजात आल्यावर त्यांनी नेहमीसारखं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. पहिलं मिनिट संपायच्या आतच हात खाली आला. डोकं खिडकीच्या कडेला टेकलं.

मला सगळं कळलं, मित्रांनो. माझ्याकडे हॉर्न होता, दिवे होते, पण गाडीला त्यातलं काहीच आपणहून वापरता येत नाही. तिला फार तर बंद पडता येतं. एखादी खटारा गाडी असती, तर दोन आचके देऊन बंद पडली असती आणि आतल्यांनी कान टवकारले असते. मी मात्र चालत राहिले. एका लयीत, पेल्यातलं पाणी न हलवता.

आत पाच मिनिटं झाली, दहा झाली. पावशेर तेव्हा एकवीस वर्षांची होती. ती खुर्चीवरून उठल्याचं मी भिंतीतून ऐकलं. "आज फार वेळ बसलेत बाबा. बघून येते."

आई म्हणाली, "बसू दे गं. लांबून आले असतील, गाडी तापली असेल."

खुर्ची पुन्हा वाजली. पावशेर खाली बसली. ती बाहेर आली तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती आणि चहाचं भांडं करपलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. लगेच कोणी गेलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. शेजाऱ्यांनी खिडकीतून हात घालून माझं इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून आत नेऊन दिली. थापट्या झाल्या नाहीत. टण् झालं नाही.

चौथ्या दिवशी साडेपाचला माझी ड्रायव्हरची सीट दबली.

दार उघडलं नव्हतं. गॅरेजात कोणी नव्हतं. तरी त्या बाजूची स्प्रिंग खाली गेली, अगदी ओळखीच्या मापानं. मी वाट पाहिली. मला वाटलं, दोन मिनिटं झाली की उठतील. पण मोजणार कशावर? त्यांची दोन मिनिटं माझ्या इंजिनाबरोबर चालत आणि इंजिन तर बंद. दिवेलागणीपर्यंत ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही.

अशी एकोणीस वर्षं गेली. माझ्यावर ताडपत्री पडली. टायर बसले, पेट्रोलची चिकट राळ झाली, दारांच्या कडा गंजून भुसभुशीत झाल्या. उंदरांनी हवेच्या फिल्टरमध्ये घर केलं आणि मागच्या सीटचा कापूस ओढून नेला. ड्रायव्हरच्या सीटला मात्र एकाही उंदरानं दात लावला नाही. साडेपाच वाजायला आले, की ते सगळे निमूट बाहेर निघून जात.

मग एक दिवस भंगारवाला आला. त्यानं ताडपत्री वर केली, माझ्या दारावर बोटानं टिचकी मारली आणि नाक मुरडलं. आई त्याला म्हणाली, "घेऊन जा एकदाची. जागा तरी मोकळी होईल." नेमकी तेव्हाच पावशेर कामावरून आली. ती आता चाळिशीची झाली होती आणि एका दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवत असे.

"गाडी कुठेही जाणार नाही," ती म्हणाली.

"मग काय करणार आहेस तिचं? लोणचं घालणार आहेस?"

"चालू करणार आहे."

आई म्हणाली, "तो आवाज मला या घरात नको आहे, पावशेर." आणि आत निघून गेली. भंगारवाला दोघींकडे बघून सायकल ढकलत गेला.

पावशेरनं मिस्तरींना शोधून काढलं. ते म्हातारे झाले होते, वाकता येत नव्हतं, म्हणून ते स्टुलावर बसून सांगत आणि ती करत असे. तिनं मला लाकडी ठोकळ्यांवर चढवलं. जाम झालेल्या नटांना तेल पाजून आठ-आठ दिवस वाट पाहिली. निघालेला प्रत्येक भाग बिस्किटांच्या डब्यांत, नावाची चिठ्ठी लावून. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. टर्बो उघडला तेव्हा आत काळी काजळी दगडासारखी बसली होती, कारण त्याच्यात राहिलेलं तेल एकोणीस वर्षांत सुकून गेलं होतं. पावशेरनं ती कवळ्या कोरायच्या बारीक हत्यारांनी काढायला घेतली.

"ताई, हे काय दात आहेत का?" मिस्तरी हसले.

"दातच आहेत, मिस्तरी. किडलेले. फक्त ओरडत नाहीत, हा फायदा."

मी ओरडू शकले असते, तर आनंदानं ओरडले असते. इतक्या वर्षांनी कोणाचे तरी हात अंगाला लागत होते.

एका रविवारी तिनं माझी ड्रायव्हरची सीट बाहेर काढली. फरशी धुतलेली, ओली होती. कोरडी जागा एकच होती, ती म्हणजे काटेवाल्यांचा तो मोठा काटा. तिनं सीट त्यावर ठेवली. तबकडीवरची सुई चौदा किलोवर जाऊन थांबली. पावशेर माझ्या फरशीचा पत्रा घासत बसली.

साडेपाच वाजता सुई हलली.

अगदी सावकाश, कोणीतरी गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसावं, तशी ती पुढे सरकली आणि ब्याऐंशीवर थांबली. पावशेरचा हात थांबला. ती काटेवाल्यांची मुलगी होती, म्हणून किंचाळली नाही. तिला आधी काट्याचाच संशय आला. तिनं सीट उचलून खाली ठेवली. हाताला ती चौदा किलोचीच लागली. मग डिकीतलं वीस किलोचं तपासणीचं वजन आणून काट्यावर ठेवलं. सुई बरोबर वीसवर. वजन काढून पुन्हा सीट ठेवली. चौदा. आणि पुन्हा सावकाश, ब्याऐंशी.

काटा खरं बोलत होता. ब्याऐंशीतून चौदा गेले तर किती उरतात, हे तिला कागदावर मांडावं लागलं नाही. ती ओल्या फरशीवरच बसली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमची दोन मिनिटं अजून संपलीच नाहीत का?"

सुई किंचित थरथरली आणि जागेवर आली.

त्या संध्याकाळी मी भिंतीतून दोघींचं बोलणं ऐकलं. पावशेरनं सगळं सांगितलं. आईनं विचारलं, "ब्याऐंशी? नीट बघितलंस?"

"दोनदा."

"म्हणजे वजन घटलं नाही त्यांचं." आणि ती रडायला लागली. "मीच तुला खाली बसवलं गं त्या दिवशी. तू उठली होतीस. रोज साडेपाचला माझे कान त्या भिंतीला लागलेले असतात. तुला काय वाटलं, मी टीव्ही बघते?"

एकोणीस वर्षांत 'मीच खाली बसवलं' हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. पावशेर म्हणाली, "मलाही बसायला नको होतं, आई. पण आता गाडी चालू होऊ दे. त्यांची दोन मिनिटं पुरी होऊ देत." नाक पुसत आई म्हणाली, "बरं. पण आधी मला सांग. अचानक नको."

मित्रांनो, आता माझ्या आयुष्यातली सर्वांत अवघड पाच-सात मिनिटं सांगते.

माझं काम जवळजवळ पुरं झालं होतं. सीट पुन्हा बसवली होती, नवं तेल, नवं पेट्रोल भरलं होतं. सायलेन्सरचा एक सांधा तेवढा उघडा होता, अगदी माझ्या पोटाखाली. मिस्तरींनी बजावलं, "उद्या तो वेल्डिंग करून घेऊ. तोवर किल्ली फिरवायची नाही. आणि पहिल्यांदा चालू करायची ती बाहेर, मोकळ्यावर ढकलून." पावशेर "हो हो" म्हणाली. मिस्तरी गेले. पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती आणि तिला आईला सांगण्याइतकाही दम निघेना.

बाहेर वारा सुटला होता, घराचे पत्रे धडधडत होते. शटरची स्प्रिंग कधीच गेली होती, म्हणून ते बांबूच्या टेकूवर उभं असे. पावशेर शेजारच्या सीटवर बसली. ड्रायव्हरची सीट तिनं रिकामी ठेवली. हात लांब करून तिनं किल्ली फिरवली. मी खोकले, अडखळले, अख्ख्या गॅरेजाला हादरे दिले आणि मग सुरू झाले. त्या हादऱ्यांनी बांबू सरकला. शटर धाडकन खाली आलं. वाऱ्याच्या गोंगाटात आत कोणाला वेगळं ऐकू गेलं नाही. पावशेरनं मागे वळून पाहिलं. "राहू दे," ती स्वतःशीच म्हणाली, "दोनच मिनिटं तर आहेत."

तेवढ्यात सीट दबली.

"बाबा, आलात?" तिनं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. एक मिनिट झालं. माझी जुनी लय परत आली होती, मी स्वतःवर खूश होते. दोन मिनिटं झाली. किल्ली फिरवायची वेळ झाली. तिचा हात पुढे आला आणि तिथेच थांबला.

"अजून थोडं बसा ना," ती म्हणाली. "परत नाही येणार तुम्ही, मला माहीत आहे."

मग ती बोलायला लागली. आईच्या गुडघ्यांचं, दवाखान्यातल्या कवळ्यांचं, एका म्हाताऱ्याची कवळी दुसऱ्याला गेली आणि दोघांनाही चांगली बसली, त्याचं. हसली सुद्धा. उघड्या सांध्यातून माझा धूर त्या बंद खोलीत भरत होता. त्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला ना रंग ना वास, माणसाला नुसती झोप येते. तिचे शब्द जड झाले. घड्याळाचा हात मांडीवर आला. डोकं खिडकीच्या कडेला टेकलं, अगदी त्याच दिवसासारखं.

मी बंद पडायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण पावशेरनं मला इतकं मन लावून दुरुस्त केलं होतं, की माझा एकही ठोका चुकेना. माझ्यासारखी अभागी गाडी दुसरी नसेल. एकाच घरातली दोन माणसं माझ्या पोटात आणि मी दोन्ही वेळा एका लयीत चालत होते.

तेव्हा सीटवरचं वजन पुढे सरकलं. किल्ली फिरली. इंजिन थांबलं. डॅशबोर्डवर दोन थापट्या पडल्या, जरा घाईच्या. आणि पितळी पारड्यात 'टण्' असा आवाज झाला, इतका मोठा मी कधीच ऐकला नव्हता.

भिंतीपलीकडे काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. इंजिनाचा आवाज ऐकून आई खुर्चीत थिजून बसली होती. दोन मिनिटं गेली, पाच गेली, तिचे पाय उचलेनात. मग टण् ऐकू आलं आणि सवयीनं तिचा हात कपाकडे गेला. आता दाराचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. कप जमिनीवर टाकून, दुखऱ्या गुडघ्यांची आई धावत बाहेर आली आणि कोणाला हाक मारायला न थांबता ते शटर तिनं एकटीनं वर उचललं.

तिनं पावशेरला काखेत हात घालून वाऱ्यात ओढत आणलं आणि तिच्या गालांवर मारत राहिली. "ऊठ! मी नाही बसणार आत! ऊठ म्हणते ना!" पावशेरला जोरात ओकारी झाली आणि तिनं डोळे उघडले. दोन दिवस ती दवाखान्यात होती. घरी आल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला, "किल्ली कोणी काढली?"

"मी नाही," पावशेर म्हणाली.

त्यानंतर सीटवर ते वजन कधीच आलं नाही. पावशेरनं खात्री करण्यासाठी सीट पुन्हा काट्यावर ठेवून साडेपाचची वाट पाहिली. सुई चौदावरच राहिली.

आता माझा सांधा जोडला आहे, शटरला नवी स्प्रिंग आहे आणि माझी पाठीवरची अक्षरं पुन्हा चमकतात. पावशेर मला फिरवून आणते आणि आधी अंगणातच, मोकळ्यावर दोन मिनिटं उभी करते. आई तेव्हा बाहेर येऊन शेजारच्या सीटवर बसते.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनं यंत्र असेल तर त्याला टाकून देऊ नका, त्याच्या कलानं घ्या. बंद खोलीत इंजिन कधीही चालू करू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. पण मला मनापासून सांगायचं आहे ते वेगळंच. घरात एखादा माणूस गप्प बसायची सगळ्यांना सवय झालेली असते. तो रोजच्यापेक्षा थोडा जास्त वेळ गप्प बसला, तर "बसू दे" म्हणू नका. उठा, जा आणि काचेवर टकटक करा. तो रागावला तर रागावू दे.

कालचीच गोष्ट. अंगणात मी चालू होते, माझ्या सीटांवर दोघी मायलेकी गप्पा मारत होत्या. दोन मिनिटं झाली, चार झाली, त्यांचं लक्षच नव्हतं. तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर कोणीतरी दोनदा टकटक केलं. दोघींनी बाहेर पाहिलं. अंगण रिकामं होतं.

आईनं हात लांब करून किल्ली फिरवली आणि पारड्यात टाकली.

"चल," ती म्हणाली. "चहाची वेळ झाली, म्हणतायत."